मरणशय्येवरचे दान

श्रोतेहो, माणूस खाटेला खिळला, वैद्याने आशा सोडली, की उशाशी नातेवाईक गोळा होतात. कोणी मायेपोटी येतो, कोणी जमिनीच्या कागदासाठी. अशा घटकेला आजाऱ्याने कोणाला काही देऊन टाकले, तर ते खरे मानायचे का? इस्लामी कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला. ज्या दुखण्यात मरणाची धास्ती असते आणि ज्याचा शेवटही मरणातच होतो, ते 'मर्ज-उल-मौत'. दानाला म्हणतात 'हिबा'.

ह्या नियमाचे मूळ परंपरा अशी सांगते. इ. स. ६३२ मधील हजच्या वेळी साद बिन अबी वक्कास मक्केत अत्यवस्थ झाले. पैगंबर महंमद भेटीस आले. सादांना तेव्हा एकच मुलगी. त्यांनी विचारले, दोन-तृतीयांश धन दान करू? उत्तर आले, नको. मग निम्मे? तेही नको. एक-तृतीयांश? तेवढे चालेल, पण तेही पुष्कळच झाले. मागे राहणाऱ्यांवर लोकांपुढे हात पसरायची पाळी येऊ नये, हा त्यातला भाव. आणि बरं का, साद त्या दुखण्यातून उठले व पुढे त्यांनी इराणी फौजेविरुद्ध कादिसियाची लढाई जिंकली!

दुसरी हकीकत ६३४ मधली, पहिले खलिफा अबू बक्र यांची. कन्या आयेशा हिला त्यांनी वीस वसक, म्हणजे वीस उंटांच्या ओझ्याइतका खजूर देऊ केला होता. तिने तो ताब्यात घेतला नव्हता. शेवटच्या आजारात त्यांनी तिला सांगितले, तेव्हाच घेतला असतास तर तुझा होता. आता तो सर्व वारसांचा. वारस मोजताना त्यांनी पत्नीच्या पोटातले मूलही धरले.

ह्यातूनच हनफी पंथाचे नियम घडले. अशा आजारातले दान, कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंतच चालते. त्यापुढे वारसांची संमती लागते. वारसालाच दिले, तर इतर वारसांची संमती हवीच. देणाऱ्याच्या हयातीत ताबाही दिला गेला पाहिजे. आजारी बरा झाला, तर मात्र ही मर्यादा उरत नाही. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुसलमानांचे हे दानाचे नियम तसेच राहू दिले.

तेव्हा सेवा करणाऱ्याला आजारी माणूस काही देऊ शकतो. पण दूर सासरी असलेल्या लेकीचा वाटा तिच्या पाठीमागे उडवता येत नाही.