वाईचा कोश आणि शाळेंतील संगणक

वाई म्हटलें कीं कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपति डोळ्यांपुढें उभे राहतात. महाराष्ट्रांतील शाळांत संगणक कसा आला याचा इतिहास सांगतांना मात्र या गांवाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. यंत्रें मुंबई-पुण्याच्या वाटेनें आलीं हें खरें. पण नवें शास्त्र मराठी मुलाशीं कोणत्या शब्दांत बोलणार, हा त्याहून कठीण प्रश्न होता, आणि त्याची पूर्वतयारी बऱ्याच अंशीं वाईस झाली.

नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें केवलानंद सरस्वती झाले ते, यांच्यापाशीं वेदान्त शिकण्यासाठीं १९१७ सालीं विनोबा भावे वाईस येऊन राहिले होते. शास्त्रीबोवांच्या त्याच प्राज्ञपाठशाळेंत तयार झालेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९६० सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचें संपादनकार्य वाईस सुरू झालें. कोशाचा पहिला खंड १९७६ सालचा; परंतु त्याआधीं, १९७३ सालीं, परिभाषासंग्रह निघाला. हा क्रम कोणास उलटा वाटेल, पण तो शहाणपणाचा होता. शास्त्रीय संज्ञांना मराठी प्रतिशब्द ठरल्यावांचून एकही नोंद सरळ लिहितां येत नाहीं. एक लेखक एक शब्द वापरतो, दुसरा दुसरा, आणि वाचक बिचारा मध्येंच अडकतो. ‘संगणक’ हा शब्द मात्र अकारविल्हे क्रमांत फार मागें बसला. ‘अ’पासून निघालेली पालखी ‘स’पर्यंत पोंचेतों यंत्राच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या!

यंत्राच्या द्वारें शिकणें सातारकरांना अगदींच अनोळखी नव्हतें. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला, व त्यांतील पांच जिल्ह्यांत तेव्हांचा उत्तर सातारा हा एक होता. खेड्यांतील मंडळी ठरलेल्या वेळीं जमत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करीत. यंत्र मराठी बोलत होतें, आणि ऐकल्यानंतर विचारावयास माणूस जवळ होता.

१९८४ सालीं केंद्र सरकारनें शाळांत संगणक नेण्यासाठीं ‘क्लास’ ही योजना काढली, तेव्हां यांतलें कांहींच हाताशीं नव्हतें. सुरुवातीस देशांतील सुमारें अडीचशें शाळा निवडून त्यांना बीबीसी मायक्रो हें ब्रिटिश यंत्र देण्यांत आलें. त्याची स्मृति ३२ किलोबाइट. आजच्या एका साध्या छायाचित्रासही ती पुरणार नाहीं. विलायतेंत मात्र या यंत्रानें मोठें काम केलें होतें, कारण तेथील नभोवाणी संस्थेनें १९८२ पासून त्यासाठीं दूरचित्रवाणीवर पाठमाला चालविली आणि पुस्तकें काढलीं. आपल्याकडे पेटी आली. तिच्यामागचा संसार तिकडेच राहिला. आज्ञा सगळ्या इंग्रजींत, आणि शिक्षकास मिळालेलें शिक्षण अगदीं तुटपुंजें. मराठी शाळेंतील मुलगा गणितांत कितीही हुशार असला, तरी त्याला आधीं ‘प्रिंट’ आणि ‘इनपुट’ पाठ करणें भाग होतें. यंत्र नासूं नये म्हणून तें कुलपांत ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांना हंसणें सोपें आहे. बिघडलें तर दुरुस्त कोण करणार, याचें उत्तर त्यांना कोणीं दिलें होतें?

देवनागरी यंत्रांत शिरली याचें श्रेय मुख्यतः कानपूरच्या आय.आय.टी.ला, व तेथील काम पुढें नेणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकला आहे. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं प्रमाण संकेतावली ठरली. मग युनिकोड आलें. २००४ मध्यें केंद्राची नवी शालेय योजना निघाली व आणखी शाळांत यंत्रें मांडलीं गेलीं. कालांतरानें वाईचा विश्वकोशही छापील पानांतून निघून संकेतस्थळावर चढला.

सोलापूर जिल्ह्यांत, माढा तालुक्यांत, परितेवाडी म्हणून लहानसें गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत २००९ सालीं रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोडच्या चौकोनी खुणा जोडल्या. फोन पुढें धरला कीं कविता ऐकूं येई, पाठाचें चित्रण दिसे, स्वाध्याय समोर येई. यंत्रासाठीं वेगळी खोली नको आणि कुलूपही नको; हातांतलें पुस्तकच यंत्राचें दार झालें. पुढें बालभारतीच्या पुस्तकांतूनही अशा खुणा येऊं लागल्या. ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. निम्मी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून देण्याचें त्यांनीं त्याच वेळीं सांगितलें.

त्या वर्षीं करोनाच्या साथीमुळें शाळा बंद होत्या. ज्या घरांत फोन एकच, तेथें तो सकाळींच बापाबरोबर रानांत जाई, आणि पुस्तकावरची खूण संध्याकाळपर्यंत तशीच राही.