मालदीवला जाण्यापूर्वी : प्रवाळाखाली गाडलेला धम्म

कॅनडातील हिवाळा लांबू लागला की आपल्या कुटुंबांतून उबदार समुद्रकाठच्या सहलींचे बेत सुरू होतात. मायदेशी जाताना वाटेत चार दिवस मालदीवला घालवावेत, असाही विचार पुष्कळांच्या मनात येतो. निळे पाणी, पांढरी वाळू आणि पाण्यावरील घरे एवढीच त्या देशाची ओळख जाहिराती करून देतात. परंतु आपण बौद्ध म्हणून तेथे जाणार असू, तर निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे. ही बेटे इसवी सनाच्या बाराव्या शतकापर्यंत बौद्ध होती.

मालदीव म्हणजे सुमारे 1,200 लहान बेटे. ती कंकणाकृती प्रवाळद्वीपांच्या 26 समूहांत विखुरलेली आहेत. अशा द्वीपसमूहासाठी जगभर वापरला जाणारा ‘अ‍ॅटॉल’ हा शब्दच मुळी तेथील दिवेही भाषेतून आलेला आहे. दिवेही ही सिंहलीची जवळची आप्त आणि आपल्या मराठीप्रमाणेच आर्यभाषाकुळातील. तिच्यात ‘दे’ म्हणजे दोन, ‘तिन’ म्हणजे तीन आणि ‘राज्जे’ म्हणजे राज्य. जुन्या स्तूपांच्या ढिगाऱ्यांना तेथील लोक ‘हवित्त’ किंवा ‘उस्तुबु’ म्हणत आले. ‘उस्तुबु’ या शब्दात ‘स्तूप’ ओळखू येतो. कोणत्याही मूर्तीला तेथे ‘बुदु’ म्हणतात. बाबासाहेबांनी बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना ‘बुत’ या शब्दाचे मूळ ‘बुद्ध’ या नावात दाखवले होते, त्याचे स्मरण येथे झाल्याखेरीज राहत नाही.

धम्म या बेटांवर व्यापाराच्या वाटेने पोहोचला. भारतात चलन म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवमधून होत असे. ‘कवडीमोल’ हा आपला शब्द त्याच व्यवहाराची आठवण आहे. पोतराज आणि आराधी यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असत. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कितीतरी घरांतून त्या माळा कायमच्या उतरल्या. ज्या सागरी व्यापारातून कवड्या आपल्याकडे आल्या, त्याच व्यापारातून एके काळी भिक्षू त्या बेटांवर गेले होते, हे आपल्याला क्वचितच कोणी सांगितले.

बौद्ध मालदीवचा शेवट साधारणतः 1153 साली झाला असे मानतात. त्या वर्षी राजाने इस्लाम स्वीकारला. मात्र सर्व बेटे एका दिवसात बदलली नाहीत. 1194 च्या सुमाराचे ताम्रपट आजही उपलब्ध आहेत. दक्षिणेकडील हद्दुम्मती अ‍ॅटॉलमधील विहार पाडून तेथे मशिदी उभारल्याचे आणि भिक्षूंना माले येथे नेऊन त्यांचा शिरच्छेद केल्याचे त्यांत नमूद आहे. ही नोंद पराभूतांची नाही, ती राजसत्तेने स्वतः कोरून घेतलेली आहे. म्हणून तिच्याविषयी शंका घेण्यास फारशी जागा उरत नाही.

पुढे वाळू आणि नारळीची बने यांनी उरलेले झाकले. श्रीलंकेतील पुरातत्त्व खात्याचे निवृत्त प्रमुख एच. सी. पी. बेल यांनी 1922 साली गन बेटावरील टेकाड उकरले, तेव्हा अनुराधपुराच्या स्तूपांशी नाते सांगणारी रचना समोर आली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मालदीवचेच अभ्यासक मोहम्मद लुत्फी यांनी तोड्डू बेटावर उत्खनन केले. तेथे तथागतांची प्रवाळ दगडातील मोठी मूर्ती आणि अवशेषांचा करंडक मिळाला. करंडकात इसवी सनापूर्वी 90 च्या सुमाराचे रोमन नाणे होते. मूर्ती मात्र लवकरच फोडण्यात आली. तिचे शिर तेवढे राजधानीत पोहोचले. 1996 ते 1998 या काळात नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ एगिल मिकेलसन यांनी काशिदू बेटावर एक संपूर्ण विहारसंकुल उजेडात आणले.

त्यानंतर 7 फेब्रुवारी 2012 हा दिवस उजाडला. सत्तांतराच्या गोंधळात एका जमावाने मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरून इस्लामपूर्व काळातील सुमारे 30 शिल्पे फोडली. बाराव्या शतकात सुरू झालेले काम एकविसाव्या शतकात काही मिनिटांत पुरे करण्याचा तो प्रयत्न होता.

हे वाचून मनात संताप येणे स्वाभाविक आहे. तथापि या संतापाचे आपण काय करणार, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. हा इतिहास आज एका संपूर्ण धर्मसमुदायाविरुद्ध वापरू पाहणारे लोक आहेत, आणि ते आपल्याला आपले साक्षीदार करू इच्छितात. त्यांना आपण दोन गोष्टींची आठवण द्यावी. पहिली, तोड्डूची माती बाजूला सारून तथागतांना उजेडात आणणारे लुत्फी मालदीवचेच होते. दुसरी, विहारांचा विसर पाडण्यासाठी प्रत्येक वेळी हातोडाच लागतो असे नाही. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी एक गणपती बौद्ध लेण्यात विराजमान आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणी रोज येणाऱ्या भाविकांपैकी कितीजणांना त्या कातळात कोरलेल्या धम्माचा इतिहास ठाऊक असतो? ताम्रपटाने विध्वंस निदान लिहून तरी ठेवला. महाराष्ट्रात पुष्कळदा लिहिण्याचीही गरज वाटली नाही.

आता सहलीच्या तयारीविषयी. पर्यटकांना मालदीवमध्ये विमानतळावरच 30 दिवसांचा परवाना मिळतो. मात्र पूजेच्या मूर्ती देशात आणण्यास तेथे मनाई आहे, आणि इस्लामखेरीज अन्य धर्माचे जाहीर आचरणही करता येत नाही. 2008 च्या राज्यघटनेनुसार मुस्लिमेतर व्यक्ती तेथील नागरिक होऊ शकत नाही. म्हणून प्रवासाच्या पिशवीतील लहान बुद्धमूर्ती घरीच ठेवावी. त्रिशरण आणि पंचशील यांना मूर्तीची आवश्यकता नाही, ते मनोमन म्हणता येतात.

केवळ विश्रामस्थळाच्या बेटावर न थांबता एक दिवस मालेसाठी राखावा. राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. जवळच 1658 साली बांधलेली जुनी शुक्रवार मशीद आहे. तिच्या प्रवाळ दगडांवरील कोरीवकाम आदराने न्याहाळावे. मशिदीचे तोंड मक्केच्या नेमक्या दिशेला नाही, म्हणून नमाजींना आत तिरके उभे राहावे लागते. ती जुन्या देवस्थानाच्या पायावर उभी असल्याने असे झाले, असे सांगितले जाते. सवड असल्यास तोड्डूला जावे. तेथे आज कलिंगडांची शेती आहे आणि गावकऱ्यांची साधी अतिथिगृहेही आहेत.

मुलांना हे सारे तेथे पोहोचण्यापूर्वीच सांगावे. मायदेशी गेल्यावर त्यांना लेण्याद्री आणि कार्लेही दाखवावे, म्हणजे एकाच इतिहासाची दोन पाने त्यांना एकत्र वाचता येतील. टोरंटोत किंवा व्हँकुव्हरमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना बौद्ध असणे ही केवळ घरातील वंदनेपुरती गोष्ट वाटू नये. हिंदी महासागराच्या मध्यावर, नारळीच्या बनाखालीही आपल्या धम्मबंधूंचे विहार होते, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!