पडद्यावरून रंगमंचाकडे : ‘झोर्बा’च्या दोन पुनर्भूमिका

नट आणि भूमिका यांच्या संबंधाचा विचार करताना मराठी अभ्यासकासमोर सामान्यतः नाटकाकडून चित्रपटाकडे जाणारा प्रवास असतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारे सुलभा देशपांडे यांनी १९६७ साली रंगमंचावर साकारली आणि सत्यदेव दुबे यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७१च्या चित्रपटात तीच भूमिका पुन्हा केली. अशा ठिकाणी मूळ कोणते आणि रूपांतर कोणते, याविषयी संदेह नसतो. परंतु पडद्यावर रुजलेली भूमिका घेऊन तोच नट रंगमंचावर येतो, तेव्हा ‘मूळ’ या संकल्पनेचीच फेरतपासणी करावी लागते. ब्रॉडवेवर १९८३ साली झालेला ‘झोर्बा’ या संगीतिकेचा पुनःप्रयोग या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

निकोस कझान्तझाकीस यांची कादंबरी १९४६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर मिखालिस काकोयानिस यांनी १९६४ साली ‘झोर्बा द ग्रीक’ हा चित्रपट काढला. त्यात अँथनी क्विन झोर्बाच्या, तर लीला केद्रोवा मादाम ऑर्तांसच्या भूमिकेत होती. केद्रोवाला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. पुढे १९६८ साली हॅरल्ड प्रिन्स यांच्या दिग्दर्शनाखाली याच कथेवरील संगीतिका ब्रॉडवेवर आली. संहिता जोसेफ स्टाइन यांची, संगीत जॉन कँडर यांचे आणि गीते फ्रेड एब यांची होती. हर्शेल बर्नार्डी आणि मारिया कार्निलोवा यांनी प्रमुख भूमिका केल्या व ३०५ प्रयोग झाले. म्हणजे रंगमंचाचा स्वतःचा झोर्बा अस्तित्वात होता. तरीही १९८३च्या पुनःप्रयोगासाठी क्विन, केद्रोवा आणि दिग्दर्शक म्हणून स्वतः काकोयानिस असे चित्रपटाचे त्रिकूटच पाचारण करण्यात आले. या वेळी ३६२ प्रयोग झाले आणि १९८४ साली केद्रोवाला त्याच भूमिकेसाठी टोनी पारितोषिक मिळाले.

वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात रंगमंचावरील नट आणि चित्रपटातील नट यांच्यात मूलगामी भेद केला होता. रंगमंचावरील नट प्रेक्षकांपुढे सदेह उभा असतो, आणि पात्राचे वलय नटाच्या वलयापासून वेगळे करता येत नाही. चित्रपटातील नट यंत्रापुढे अभिनय करतो, त्यामुळे ते वलय लोपते आणि चित्रपटव्यवसाय त्याची भरपाई ‘तारा’ नावाच्या कृत्रिम व्यक्तिमत्त्वाने करतो. ‘झोर्बा’च्या पुनःप्रयोगात हा क्रम उलटा होतो. येथे यंत्राने घडविलेली प्रतिमाच सदेह उपस्थितीला वलय पुरविते. प्रेक्षकाला नट प्रत्यक्ष दिसतो, पण त्याचे मोल ठरते ते आधी पाहिलेल्या छायेच्या आधारे. येथे नटाचा देह हे जणू चित्रपटाचे अवतरण असते. अर्थात ‘मूळ’ हे कालक्रमाने वा माध्यमाने ठरत नसून प्रेक्षकांच्या सामूहिक स्मृतीने ठरते, असे म्हणावे लागते. बर्नार्डीचा झोर्बा संगीतिकेच्या दृष्टीने पहिला असूनही तो मूळ ठरला नाही, तो यामुळेच.

या स्मृतीचा दाब संहितेवरही पडतो. १९६८च्या आरंभगीतात जीवन म्हणजे मरणाची वाट पाहण्याचा काळ, अशी कडवट छटा होती. १९८३ साली ती छटा सौम्य करण्यात आली. जीवनोत्सुक, नाचणाऱ्या झोर्बाची जी प्रतिमा चित्रपटाने सर्वदूर पोहोचविली होती, तिच्याशी हा बदल सुसंगत आहे. मात्र या प्रतिमेचा मुख्य आधार असलेली मिकिस थिओडोराकिस यांची धून कँडर यांच्या स्वररचनेचा भाग नव्हती. ज्या धूनवरील नृत्यामुळे क्विनचा झोर्बा जगाच्या स्मरणात राहिला, तिच्यावाचूनच त्याला झोर्बा सिद्ध करावा लागला. पुनर्भूमिका ही पुनरावृत्ती असू शकत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

मादाम ऑर्तांसच्या बाबतीत हा भेद अधिक मूलभूत आहे. चित्रपटात चार नौसेनापतींच्या आठवणी ती बोलून सांगते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या सान्निध्यात असतो. तिच्या मृत्यूच्या प्रसंगी गावकरी घर लुटत असताना तिच्या डोळ्यांतील भय आपल्याला दिसते ते समीपदृश्यामुळे. रंगमंचावर ही सोय नाही. तेथे नौसेनापतींची कथा गीत होते, आणि मृत्युप्रसंगी बालपणीच्या वाढदिवसाचे स्मरणही गीतातूनच व्यक्त होते. चेहऱ्याचे कार्य कंठाकडे सोपविले जाते. एकाच अभिनेत्रीला एकाच पात्रासाठी दोन कलांची दोन पारितोषिके मिळाली, तेव्हा गौरव एकाच अभिनयाचा दोनदा झाला नाही. दोन भिन्न चिन्हव्यवस्थांतील दोन अभिनयकृतींचा तो गौरव होता.

शेवटचा मुद्दा वयाचा. १९६४ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेला क्विन आपल्याहून मोठ्या वयाचा, साठीच्या घरातला झोर्बा रंगवीत होता. १९८३ साली तो स्वतः ६८ वर्षांचा होता. पडद्यावर वार्धक्याचा अभिनय होता, तर रंगमंचावर वार्धक्य प्रत्यक्ष होते. चित्रफितीवरील झोर्बाचे वय वाढत नाही, नटाचे वाढते. प्रेक्षक या दोहोंतील अंतर क्षणोक्षणी मोजत असतो, आणि मृत्यूच्या सान्निध्यात जगणे हा ज्या कलाकृतीचा विषय आहे तिला हे अंतर नवा आशय देते. प्रतिमेच्या आधाराने रंगमंचावर आलेला नट प्रतिमेला जे कधीच साधणार नाही तेच तेथे देऊ शकतो, आणि ते म्हणजे स्वतःचे सरत चाललेले आयुष्य. बेंजामिन यांना अभिप्रेत असलेले वलय येथे परत येते, पण ते छायेच्या मार्गाने. म्हणून अशा प्रयोगांना केवळ व्यावसायिक क्लृप्ती मानून बाजूला सारणे समीक्षेला परवडणारे नाही. नट, पात्र आणि काळ यांचे नाते तपासण्याची ती एक दुर्मीळ संधी असते.