पोचपावतीची तारीख

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या पाठोपाठ इंग्रजी अमदानीत ज्या दुष्काळ-संहिता रचल्या गेल्या, त्यांनी तलाव खोदण्याची व खडी फोडण्याची कामे काढणे हे सरकारचे कर्तव्य मानले खरे. परंतु दुष्काळ पडला की नाही हे ठरविण्याचा अखत्यार सरकारकडेच राहिल्यामुळे, उपाशी माणसाला काम मागण्याचा हक्क असा नव्हताच. ही उणीव दूर करण्याचे श्रेय मुख्यत्वे वि. स. पागे यांचे. त्यांच्या ध्यासातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

त्यातील एक तरतूद मला विशेष मोलाची वाटत आली आहे. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास मजुराला दररोज निदान एक रुपया बेकारभत्ता द्यावा, असे सरकारने स्वतःवर बंधन घालून घेतले. रक्कम अल्प, पण दिरंगाईची जबाबदारी प्रथमच रयतेच्या माथ्यावरून उतरून दफ्तरावर आली.

मात्र ते पंधरा दिवस मोजायचे कोठून? अर्ज दिल्याचा पुरावा म्हणजे तारीख घातलेली पोचपावती, आणि सारे अडले ते तेथेच. कामाच्या मागणीच्या नमुना चारवर अंगठा उठवून चावडीत उभी राहिलेली बाई, ‘काम निघालं की कळवू’ एवढे तोंडी उत्तर घेऊन परतत असे. आणि जी मागणी दाखलच झाली नाही, तिची मुदत सुरू तरी कशी व्हावी? बेकारभत्ता उशिरा मिळे असे म्हणण्यापेक्षा, तो देय होण्याची वेळच बहुधा येऊ दिली जात नसे, हे म्हणणे अधिक यथार्थ होईल. ज्याच्या घरी पीठ संपले आहे तो वाट किती पाहणार? सोळावा दिवस उजाडण्यापूर्वीच मुकादमाची उचल घेऊन तो ऊसतोडीला गेलेला असे.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने भत्ता मजुरीच्या चतुर्थांशावर, तीस दिवसांनंतर निम्म्यावर नेला. परंतु अकुशल कामाची मजुरी केंद्राची आणि भत्त्याचा भार मात्र राज्याचा, अशी वाटणी केल्याने पावती न देण्याचा जुना मोह अधिकच बळावला.

मराठवाड्यातील एका घरात शिधापत्रिकेच्या घडीत जपून ठेवलेली अशी एक पावती मी पाहिली आहे. तीवर शिक्का आहे, सही आहे. तारखेची जागा कोरी आहे.