विहिरीवरची मोटर आणि पाचशे वर्षांचा प्रवास

आमच्या विहिरीवरच्या मोटरच्या पत्र्यावर 'कोइम्बतूर' असं कोरलेलं आहे. लहानपणी मला ते कंपनीचं नाव वाटायचं. शेजारच्या वस्तीवरच्या मोटरवरही तेच, म्हणजे कंपनी मोठी असणार! इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की ते तमिळनाडूतलं शहर आहे. अख्ख्या देशाच्या विहिरींना पंप पुरवणारं हे शहर घडलं कसं, ते वाचायला बसलो आणि तेलुगू बोलणाऱ्या शेतकऱ्यांपाशी पोचलो.

कम्मा हा मूळचा आंध्रातला शेतकरी समाज. तमिळनाडूत त्यांना कम्मवार नायडू म्हणतात. कोविलपट्टी, सात्तूर, तेनी, कोइम्बतूर या भागांत त्यांची गावंच्या गावं आहेत. घरात तेलुगू, बाहेर तमिळ. गंमत म्हणजे अनेकांना तेलुगू वाचता येत नाही; भाषा राहिली, लिपी गेली.

ते आले विजयनगरच्या पाठोपाठ. चौदाव्या शतकात विजयनगरच्या फौजा मदुराईपर्यंत उतरल्या आणि सोळाव्या शतकात मदुराईला तेलुगू नायकांचं राज्य उभं राहिलं. आपले व्यंकोजीराजे तंजावरला पोचले 1675च्या सुमारास, त्याच्या जवळपास दीडशे वर्षं आधी. त्या काळी शिपाई आणि शेतकरी ही दोन वेगळी माणसं नसत. पेरणी झाली की मोहीम, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फौजेबरोबर आणि फौजेमागून कुटुंबं दक्षिणेकडे सरकत राहिली, एकदा नव्हे, पिढ्यानपिढ्या.

स्थलांतर केलेल्या तेलुगू समाजांच्या तोंडी मात्र वेगळी गोष्ट असते. राजाची नजर आपल्यातल्या एका मुलीवर पडली, म्हणून सगळे रातोरात पळाले. वाटेत नदी दुथडी भरलेली. काठावरचं झाड वाकलं, त्याचा पूल झाला, सगळे पलीकडे गेले. मला ही गोष्ट आवडते, पण तिच्यात एक प्रश्न सुटतो: पळणारा माणूस नेमका काळ्या जमिनीवरच येऊन का थांबला?

कारण नदीकाठची जमीन शिल्लकच नव्हती. कावेरी आणि ताम्रपर्णीच्या खोऱ्यांत भात पिकत होता, आणि तिथे ब्राह्मण, वेल्लाळ आणि देवळं यांची मालकी केव्हाच पक्की झाली होती. रिकामी होती ती मधली कोरडी, काळी रानं. तमिळमध्ये त्यांना 'करिसल' म्हणतात. ओली झाली की पायाला गोळे चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन भात लावणाऱ्याला नकोशी होती. तेलुगू शेतकऱ्याला ती ओळखीची होती. तिच्यात ओल किती खोल टिकते, जड नांगराला किती बैल लागतात, कापूस केव्हा पेरायचा, हे तो सोबत घेऊनच आला होता. नवीन जागी त्याने जुनीच जमीन शोधली, असं मी म्हणेन.

या करिसल भागाला साहित्यात आणलं कि. राजनारायणन यांनी. कोविलपट्टीजवळच्या इडैसेवल गावचे, घरची भाषा तेलुगू, लिहिलं तमिळमध्ये. 'गोपल्ल ग्रामम्' या कादंबरीत त्यांनी आपल्याच पूर्वजांचं दक्षिणेला येणं मांडलं, आणि तिच्या पुढच्या भागाला 1991 साली साहित्य अकादमी मिळाली. तमिळ भाषेसाठी! करिसल बोलीचा शब्दकोशही याच तेलुगूभाषक माणसाने केला. तरीही तमिळ राजकारणात अधूनमधून 'वंदेरी', म्हणजे बाहेरून आलेले, हा शब्द अशा लोकांच्या दिशेने फेकला जातो. पाचशे वर्षं कमी पडतात. आपल्याकडचा 'परप्रांतीय' त्या मानाने कालपरवाचा.

कोइम्बतूरकडे वस्ती केलेल्यांपुढे प्रश्न होता पाण्याचा. खाली कठीण खडक, विहिरी खोल, पाणी बैलांच्या मोटेने वर काढायचं. कापसाने पैसा दिला आणि तो गिरण्यांत गेला. पी. एस. गोविंदस्वामी नायडूंच्या चार मुलांनी 1926 साली वाटणी करताना इस्टेटीचे पाच भाग केले आणि पाचवा धर्मादाय कामाला दिला. पीएसजी टेक हे कॉलेज त्यातूनच उभं राहिलं. 1932 पासून पायकाराची वीज येऊ लागली. 1937 साली जी. डी. नायडू आणि बालसुंदरम नायडू यांनी मोटर बनवली. देशी बनावटीची पहिली मोटर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. शेतकऱ्यांच्या मुलांनी मोटर बनवली आणि ती पहिल्यांदा शेतकऱ्यांच्याच विहिरीवर बसली. (गाऊंडर शेतकऱ्यांचाही यात मोठा वाटा आहे. तिथली बरीचशी जमीन त्यांचीच.)

इथवरची गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात. पण ती चामड्याची मोट कोण शिवत होतं? अरुंदतियार. मोट शिवायची, फाटली की सांधायची, आणि वर त्याच मालकाच्या रानात सालगडी म्हणून राबायचं. त्यांच्यातलेही अनेकजण घरी तेलुगूच बोलतात. म्हणजे उत्तरेकडून आलेल्यांत तेही होते. त्यांना जमीन मिळाली नाही, मोटरच्या पत्र्यावर नाव तर नाहीच. वीज आली तशी चामड्याच्या मोटेची गरज संपली. अनुसूचित जातींच्या आरक्षणात त्यांना वेगळा तीन टक्के वाटा मिळाला तो 2009 साली.

हे वाचून झाल्यावर मी आजीला फोन केला. आपल्या विहिरीवर मोट होती ना, ती कोण शिवायचं? तिला घर आठवत होतं, गावाच्या कडेचं, चिंचेजवळचं.

"मग ते आता कुठं असतात?"

"मुंबईला गेले की. मोटर आली त्याच्या दुसऱ्या वर्षी."