घाटकोपरहून अंधेरी, व्हाया दादर

१/ नकाशावर घाटकोपर आणि अंधेरी जवळजवळ एका आडव्या रेषेत आहेत. तरीही जून २०१४ पर्यंत लोकलने जाणाऱ्या बहुतेकांना आधी दक्षिणेस दादरपर्यंत यावे लागे आणि तिथे गाडी बदलून पुन्हा उत्तरेस जावे लागे. हा वळसा मुंबई कशी वाढली त्यातून आला आहे.

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. तेव्हा उंदीर आणि पिसवांचा संबंध सिद्ध झालेला नव्हता. दोष कोंदट हवेला दिला जाई. म्हणून १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्ती चिरून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद, आडवे रस्ते काढले, जेणेकरून समुद्राचा वारा आत खेळावा. कारणमीमांसा चुकली होती. रस्ते मात्र आजही उपयोगी आहेत. त्यांची किंमत गरिबांनी मोजली. पाडकाम वेगाने झाले, नवी घरे मागाहून आली, आणि उठवलेली कुटुंबे शेजारच्याच चाळींत दाटीने शिरली.

३/ याच ट्रस्टने उत्तरेस दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखली. तिथे क्रम होता आधी रस्ते, मग घरे. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स या परिसरात एक गल्ली सहसा दुसऱ्या गल्लीला मिळते. एक वाट अडली तरी दुसरी सापडते. (दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम १९६४ साली बंद झाली, नाव राहिले.)

४/ माहीम-शीवच्या पलीकडे हा क्रम उलटला. १९५० आणि १९५७ च्या हद्दवाढीने शहर दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचले, पण वस्ती स्थानकांभोवती आपापली वाढत होती. जुनी गावठाणे, कारखान्यांची आवारे, खासगी लेआउट: जो तो आपल्या दारापुरता रस्ता करी. लोहमार्ग उभे, घोडबंदर रोड आणि आग्रा रोड उभे, पुढे आलेले द्रुतगती महामार्गही उभे. अंधेरी-कुर्ला रस्त्यासारखे आडवे दुवे मोजकेच. मध्ये रूळ, विमानतळ, टेकड्या, पवई तलाव.

५/ ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दादरचा वळसा सुटला. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ताही त्याच वर्षी खुला झाला. दादरला मोकळ्या जमिनीवर रस्ते आखले गेले होते. इथे मात्र आधी वसलेली हजारो घरे हलवावी लागली.