फोटो उलटून पाहावा : बेने इस्रायलांचा घरातला इतिहास

मंडळी, ‘अकलूजला ज्यू लोकांवर बोलायला का आलात?’ असं मघाशी चहा घेताना एकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. तुमच्या गावी तुकोबांची पालखी येते, रिंगण होतं, कीर्तनं होतात. हेच कीर्तन १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायलांनी आपलंसं केलं. आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. भाषा मात्र आपली मराठी, आणि साक्या-दिंड्याही आपल्याच. तेव्हा विषय तुमच्यापासून फार लांबचा नाही.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, असं हा समाज सांगत आला. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावानं नाव दिलं ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं गावांवरून आली. पुढे लोक मुंबईत गेले, पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत शिरले. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं. हा झाला ठळक इतिहास, तो पुस्तकांत मिळतो.

पण पुस्तकाचं नशीबही बघा. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला! चाळीस वर्षं हस्तलिखित राहिलं आणि किहीमकर तोवर हयात नव्हते. ती चळत मधेच कुणी रद्दीत घातली असती तर?

आता एक चित्र. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची ही पोथी. तिच्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराची भाकर करताहेत. कणीक मळायची, लाटायची, भाजायची, सगळं आपल्या स्वयंपाकघरासारखंच. धर्म कुठला आणि संस्कृती कुठली, यावर आम्ही वर्गात तासन् तास बोललो असू. हे चित्र ते एका नजरेत दाखवतं.

सिनेगॉगमधल्या वस्तूंना निदान विश्वस्त असतात. घरातल्या वस्तूंना कोण? शब्बाथचा तेलाचा दिवा, मलिद्याचं ताट, लग्नाचा करारनामा, आजीचं मंगळसूत्र. हो, मंगळसूत्र आणि हिरवा चुडा त्यांच्याकडेही होता. १९४८ नंतर कुटुंबंच्या कुटुंबं इस्रायलला निघाली. पेटीत किती मावणार? दागिना गेला, दिवा राहिला.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात एका घरी लग्नाचा जुना समूहफोटो पाहायला मिळाला. पहिल्या रांगेत नऊवारीतल्या सात बायका. आम्ही कौतुकानं त्याची प्रत काढून आणली, फक्त पुढच्या बाजूची. पाठीमागे पेन्सिलीनं मराठीत नावं होती, हे नंतर घरातल्या मावशी सहज बोलल्या. पुन्हा गेलो तर मावशी वारल्या होत्या, घर विकलं होतं आणि फोटो कुठे गेला ते सांगायला कुणी नव्हतं. तत्त्वज्ञानात आम्ही शिकवायचो की दिसणं म्हणजे कळणं नव्हे. ते कळलं असं, फुकट गेलेल्या खेपेनंतर.

म्हणून विनंती एवढीच. ट्रंकेत असे फोटो निघाले, तुमचे किंवा शेजाऱ्यांचे, तर आधी उलटून बघा. मागे नावं नसतील तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून विचारा, आणि कडेला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा; बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. इस्रायलमधली नातवंडं आता हिब्रू बोलतात. आजीच्या हातची मराठी वाचायला त्यांना आपल्यासारख्यांचीच गरज लागणार आहे.

आमच्याकडच्या त्या प्रतीतल्या सातांपैकी दोघींची नावं आजवर लागली. त्याही मावशीच्या बहिणी निघाल्या.